सील शाबूत

मला अळ्यांची किळस येत नाही. नोकरीला लागले तेव्हा यायची. रक्ताने भिजलेले कपडे न वाळवता प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून, वर लाखेचं सील मारून ठाण्यांतून यायचे. पिशवी कापली की आत वळवळ, आणि मी तोंडावर हात दाबून बाथरूमकडे. पुढे सवय झाली. अळी बिचारी तिचं पोट भरत असते, तिने कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नसतं. ज्यांनी घेतलेलं असतं त्यांची मला शिसारी येते. कपडे आधी सावलीत वाळवा, कागदात बांधा, असं आम्ही दर प्रशिक्षणात कंठशोष करून सांगतो. समोरचे लोक माना डोलावतात, चहाबरोबर बिस्किटं खातात, आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा तीच पिशवी येते.

मी बेंगळुरातल्या एका सरकारी फॉरेन्सिक लॅबमध्ये बंदुका आणि काडतुसं तपासते. गोळी कुठल्या बंदुकीतून सुटली, साधारण किती लांबून सुटली, ही बंदूक अलीकडे उडाली होती का, अशा प्रश्नांना उत्तरं देण्याचा मला पगार मिळतो. आमचं घर राजाजीनगरात. आम्ही इथले जुने मराठे. कुठल्याशा फौजेबरोबर पूर्वज आले आणि इथलेच झाले. आमची मराठी ऐकून पुण्याहून आलेली व्हाइटफील्डची आयटीतली पोरं गालातल्या गालात हसतात, कारण तिच्यात निम्मं कन्नड असतं. घरी मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेले. आल्यागेल्याला ते माझी ओळख करून देतात ती अशी: ‘आमची मुलगी बंदुकीला भीत नाही, झुरळ दिसलं की पलंगावर चढते.’

तर त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर आनेकलच्या पुढच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. रागीच्या शेतात, बांधाच्या कडेला एक माणूस मरून पडला होता. छातीत छर्रे. पलीकडचं शेत गावातल्या एका मोठ्या जमीनदाराचं. बोअरवेलचा पाइप बांधावरून न्यायचा की नाही, यावरून दोघांचं वाजलेलं होतं, आणि जमीनदाराकडे रानडुकरं हाकायला परवान्याची एकनळी बाराबोर बंदूक होती. एवढं आम्हाला गाडीतच कळलं.

बांधावरच्या ओल्या मातीत बुटाचा एक स्वच्छ ठसा आहे, असंही फोनवर सांगितलं होतं. मी प्लास्टर घेऊन गेले. ठसा राहावा म्हणून कुणीतरी त्यावर प्लास्टिकची बादली पालथी घातली होती. कल्पना चांगली. मग गर्दी वाढली, मागच्यांना दिसेना, तेव्हा एकजण फोनवर व्हिडिओ काढायला त्या बादलीवर चढला. आम्ही पोचलो तेव्हा बादली चेपून मातीत रुतलेली, आणि खाली जे होतं त्याला ठसा म्हणणं म्हणजे विनोद होता. प्लास्टर परत गाडीत ठेवलं.

पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं नळकांडं, सापडली होती. एका कॉन्स्टेबलने ती शर्टाच्या खिशातून काढून दाखवली. हरवू नये म्हणून गुटख्याच्या रिकाम्या पुडीत घातली होती. पुडी ओलसर होती. पण त्याच्या चेहऱ्यावर इतकी शाबासकीची अपेक्षा होती, की मी तिकडे पाठ करून सब-इन्स्पेक्टरकडे गेले. चांगला माणूस होता तो, तरुण, नम्र. मी त्याला म्हटलं, ‘ही पुंगळी आत्ता, इथेच, पंचांसमोर सीलबंद करा. बंदूक मिळाली की ती वेगळी, जिथे मिळेल तिथेच सील करा. दोन्ही एकत्र ठेवू नका. आणि लवकर पाठवा.’

‘सरी मॅडम, सरी,’ तो म्हणाला.

सरी म्हणजे ठीक आहे. आमच्या शहरात त्याचा अर्थ बहुधा असा असतो, की ऐकलं, आता विसरतो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अप्पा. पूजेसाठी कोहळा किती मोठा आणायचा, हे त्यांना तेव्हाच ठरवायचं होतं. मी आवाज दाबून मराठीत त्यांना झापलं आणि फोन ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘अक्का, तुम्ही आपल्यातल्या की?’

बांधाच्या पलीकडे, दोन बायकांच्या मध्ये ती बसली होती. मेलेल्या माणसाची बायको. माझ्याहून बरीच लहान. तिथल्याच एका गार्मेंट फॅक्टरीत शिवणावर कामाला. गळ्यात फॅक्टरीचं ओळखपत्र तसंच होतं, म्हणजे बातमी आली तेव्हा ती कामावर निघाली असावी. माहेर-सासर दोन्ही मराठ्यांचं, असं ती म्हणाली. रडत नव्हती. रडणं होऊन गेलं होतं.

‘त्यानंच मारलं, अक्का. ठाऊक सगळ्यांना. बोलायचं कुणी नाही.’ तिने गावाकडे हात केला. ‘आमची दारं समोरासमोर. मधी गल्ली एवढीशी. सकाळी उठून दार उघडलं की तो कट्ट्यावर बसलेला दिसतो, मांडीवर बंदूक घेऊन. डुकरांसाठी म्हणतो. उद्या त्याला पकडून सोडलं तर तो परत तिथंच येऊन बसणार. मी कुठं जाऊ? मला दुसरं घर नाही.’

मी आश्वासनं देत नाही. ते माझं काम नव्हे आणि मला ते जमतही नाही. मी म्हटलं, ‘बंदूक लॅबमध्ये येऊ दे. तीच असेल तर कळेल.’

‘कळेल ना?’ तिने विचारलं.

‘बहुतेक वेळा कळतं.’

हे खरं होतं. बंदुकीची पिन काडतुसाच्या बुडाला आपटते तिथे खळगा पडतो. स्फोटाच्या धक्क्याने काडतुसाचं बूड मागच्या पोलादावर दाबलं जातं आणि त्या पोलादावरच्या बारीक रेघा पितळेवर उमटतात. प्रत्येक बंदुकीच्या रेघा निराळ्या. शिवाय नळीत बारुदाची काजळी राहते. कुणी छातीठोकपणे म्हणत असेल की ही बंदूक वर्षानुवर्षं कपाटातून बाहेरच आली नाही, तर नळी त्याला खोटं पाडते. आणि नेमकं तसंच म्हटलं होतं त्या जमीनदाराने. परवान्याचं नूतनीकरण झालं त्या दिवसापासून बंदुकीला हात लावला नाही, नळीत कोळ्याचं जाळं असेल बघा, असं त्याने अटकेच्या वेळी सगळ्यांदेखत सांगितलं. बंदूक त्याच दिवशी जप्त झाली. मला वाटलं, बरं झालं, स्वतःच्या तोंडानेच अडकला.

मग पार्सलची वाट बघणं आलं. बंदूक येईना. मी फोन केला, सब-इन्स्पेक्टर म्हणाला, बंदोबस्त आहे मॅडम, मिरवणुका आहेत, स्वल्प थांबा. स्वल्प म्हणजे थोडं. नवरात्र झालं, दसरा झाला, रस्त्यांवर फोडलेल्या कोहळ्यांचा लगदा सुकला आणि त्यावरून घसरून स्कूटरवाले हातपाय मोडून घेऊन झाले, तेव्हा कुठे एक कॉन्स्टेबल कापडात शिवलेलं लांबलचक पार्सल काखोटीला मारून बसने आला.

आमच्याकडे पद्धत अशी, की आधी सील तपासायचं. सोबत पाठवलेल्या नमुन्याशी लाखेवरचा शिक्का जुळतो का, कुठे तडा आहे का, शिवण उसवली आहे का. सगळं चोख होतं. इतकं देखणं सील मी क्वचित बघितलंय. मी लिहिलं: सील शाबूत.

मग शिवण कापली आणि खोबरेल तेलाचा वास आला.

मी आधी वास घेतला आणि मग पाहिलं, त्यामुळे क्षणभर मला कळेचना. बंदूक चमकत होती. तिचा लाकडी दस्ता एखाद्या लग्नातल्या नवरदेवाच्या केसांसारखा तेलाने चपचपीत. नळीच्या तोंडाशी हळद आणि कुंकवाची बोटं. चापाभोवतीच्या कड्यात झेंडूची एक पाकळी अडकून वाळलेली. मी बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीपाशी वाकवून उघडली, आणि नळीतून उजेडाकडे पाहिलं. काजळी नाही, गंज नाही, कोळ्याचं जाळं तर नाहीच. नळी आरशासारखी लख्ख. वेगळ्या पुडीत पुंगळी होती, तिच्याही पितळी बुडावर कुंकवाचा ठिपका.

मला ओकारी आली. सवय झाल्यापासून अळ्यांनी कधी आणली नव्हती ती एका झेंडूच्या पाकळीने आणली.

फोन केला. सब-इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, आयुधपूजा होती.’

आता आमच्याकडची आयुधपूजा ज्याने पाहिली नाही त्याला हे सांगायला हवं. त्या दिवशी या शहरात ज्याला चाक आहे, धार आहे किंवा वायर आहे, ते सगळं घासूनपुसून देवापुढे बसतं. बसगाड्यांना केळीचे खुंट बांधतात, चाकांपुढे रस्त्यावर कोहळे फोडतात. रिक्षा फुलांत दिसत नाहीत. आयटी कंपन्यांत कॉम्प्युटरला गंध लागतं. ठाण्यात रायफली, लाठ्या, बेड्या, जीप, सगळं मांडून पूजा होते, चुरमुरे वाटतात. त्या ठाण्यात शस्त्रांची निगा राखणारा एक हेड कॉन्स्टेबल होता, अतिशय भाविक आणि अतिशय कष्टाळू. त्याने आदल्या दिवशी बसून सगळ्या बंदुका पॉलिश पेपरने घासल्या, नळ्यांतून गज फिरवले, तेल दिलं. जप्तीची बंदूक सीलबंद झालेलीच नव्हती. ती कोपऱ्यात ठाण्याच्या रायफलींशेजारी उभी होती, आणि पुंगळी त्याच खोलीतल्या खणात. त्याने पाहिलं, ही एक राहिलीच की. तीही घासली. इतर बंदुकांहून जास्त घासली, कारण ती जास्त मळकी होती. पूजा झाली, मग आठवलं की लॅबला पाठवायची आहे, आणि मग कुठे ते देखणं सील लागलं.

‘घाण बंदूक देवापुढे कशी ठेवायची, मॅडम?’ सब-इन्स्पेक्टर म्हणाला. त्याच्या आवाजात अपराध नव्हता, थोडं दुखावलेपण होतं. ‘आणि एकटीला बाहेर ठेवणंही बरं दिसत नाही. आयुध ते आयुध.’

‘तो मळ नव्हता, पुरावा होता!’ मी ओरडले.

‘मुद्दाम नाही केलं कुणी,’ तो म्हणाला.

तेच तर. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. जमीनदाराकडून खाऊन कुणी नळी पुसली असती, तर मला निदान कुणाचातरी मनसोक्त तिरस्कार करता आला असता. इथे सगळे देवभोळे, सगळे नम्र, सगळ्यांच्या कपाळाला कुंकू. ढिलाईला देवाचा टिळा लावला की तिला कुणी नावं ठेवू शकत नाही, हे आपल्या लोकांना आईच्या पोटातूनच ठाऊक असतं.

संध्याकाळी घरी हे सांगितलं तर अप्पा म्हणतात, ‘पूजा करायची तर घासायला नको? आम्ही लेथ रॉकेलने धुवायचो.’

‘अप्पा, तो पुरावा होता.’

‘हो ग. म्हणजे बांधून ठेवायला पाहिजे होती, तेवढं चुकलं. पूजेत काय चूक?’

तेवढं चुकलं! मी ताटावरून उठले. अप्पा मागून म्हणाले की बंदुकीचा राग भातावर काढू नये. मला त्या रात्री त्यांचाही राग आला, नवरात्रात आमच्या देव्हाऱ्यापुढे झेंडूत बसलेल्या मिक्सरचा आणि भाजीच्या सुरीचाही आला.

दुसऱ्या दिवशी तपासणी सुरू केली. पॉलिश पेपरने पिनचं टोक गुळगुळीत झालं होतं. काडतुसाच्या बुडामागचं पोलाद ताज्या ओरखड्यांनी भरलं होतं. जुन्या रेघा गेल्या, त्यांच्या जागी हेड कॉन्स्टेबलच्या भक्तीच्या रेघा आल्या. मी रीतसर बंदुकीतून कापसाच्या पेटीत काडतुसं उडवली, त्यांच्या पुंगळ्या घेतल्या आणि शेतातल्या पुंगळीशेजारी कम्पॅरिझन मायक्रोस्कोपखाली ठेवल्या. या मायक्रोस्कोपमध्ये दोन वस्तू एकाच वर्तुळात अर्ध्या-अर्ध्या दिसतात, मध्ये एक रेघ. जुळत असेल तर डावीकडच्या ओळी रेघ ओलांडून उजवीकडे चालू राहतात. इथे एकही ओळ ओलांडेना. ओलांडणार कशी? डावीकडे नवरात्राआधीची बंदूक होती, उजवीकडे दसऱ्यानंतरची.

ठाण्याच्या इन्स्पेक्टरचा फोन आला. हा सब-इन्स्पेक्टरचा साहेब. गोड बोलणारा. म्हणाला, नळीत बारुदाचे अंश मिळाले एवढं आलं तरी पुरे, मॅडम, बाकी आम्ही बघून घेऊ.

‘मिळाले नाहीत,’ मी म्हटलं. ‘खोबरेल मिळालं. लिहू?’

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग आमचे सर केबिनमध्ये बोलावून म्हणाले, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट कर. माणूस मेलाय, बंदूक त्याचीच, भांडण होतं. ‘याच बंदुकीतून उडालेली असू शकते’ असं लिही. खोटं काय आहे त्यात?’

सर वाईट नाहीत. पण त्या वाक्याने माझ्या अंगावर काटा आला. एकाने पुरावा पुसायचा आणि दुसऱ्याने तो शब्दांनी परत रंगवायचा, आणि दोघांनी रात्री निवांत झोपायचं. ‘असू शकते’ हे कुठल्याही बंदुकीबद्दल लिहिता येतं. मी लिहिणार नाही म्हटलं. सरांनी खांदे उडवले.

मग मी हट्टाला पेटले. माणूस घासताना काय घासतो? जे दिसतं ते. घरातली भांडी बघा, वरून लख्ख आणि कानाखाली काळी. एकनळी बंदूक मोडली की एक छोटी पोलादी आकडी पुंगळीच्या काठाखाली शिरून तिला बाहेर ढकलते. त्या आकडीच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपर पोचत नाही. मी पुंगळीचा काठ तिरका धरून लेन्सखाली आणला, तर तिथे एक खरवड होती, मध्ये एक खोल रेघ आणि शेजारी दोन बारीक. माझ्या पुंगळीच्या काठावरही तेच. रेघ मधली सीमा ओलांडून सरळ पलीकडे गेली. मी पुन्हा उडवली, पुन्हा पाहिलं. जुळत होतं. हीच बंदूक होती. मला त्या क्षणी झालेला आनंद मी लपवत नाही. मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

अहवालात लिहिलं, पुंगळीच्या काठावरची खूण या बंदुकीच्या आकडीची आहे. आणि पिन, पोलाद आणि नळी घासलेली असल्याने बाकी काही सांगता येत नाही, तेही लिहिलं. दोन्ही खरं होतं.

खटला उभा राहायला बराच काळ गेला. तेवढ्या काळात ज्यांनी काही पाहिलं होतं ते एकेक करून फिरले. आवाज ऐकला नाही, झोपलो होतो, गावाला गेलो होतो. सगळा भार त्या बंदुकीवर आला. मी साक्षीला उभी राहिले तेव्हा ती बाई मागच्या बाकावर होती. जमीनदार पांढऱ्या शुभ्र शर्टात, कपाळावर गंध, अगदी सज्जन.

बचावाचा वकील वयस्क होता. अजिबात आवाज न चढवता विचारत गेला.

‘मॅडम, बंदूक तुमच्याकडे आली तेव्हा सील शाबूत होतं?’

‘होतं.’

‘आत झेंडूची पाकळी मिळाली?’

‘हो.’

कोर्टात हसू पसरलं.

‘म्हणजे सील लागण्यापूर्वी बंदूक ठाण्यात उघडी होती. पुंगळीही त्याच खोलीत होती.’

‘तसं दिसतं.’

‘ही आकडीची खूण उमटायला गोळी उडावी लागते का?’

मला तेव्हाच कळलं तो कुठे चाललाय. तपासणीच्या दिवशीच मला हे सुचलं होतं, आणि मी वाट बघत होते की हे कुणाला सुचू नये. ‘नाही,’ मी म्हटलं. ‘पुंगळी आत घालून बंदूक मोडली तरी उमटू शकते.’

‘मग कुणी ठाण्यात बसून रिकामी पुंगळी या बंदुकीत घातली आणि काढली, तर हीच खूण उमटेल?’

‘उमटेल.’

‘तसं झालं नाही, हे तुम्ही शपथेवर सांगू शकता?’

सगळा देह ओरडत होता की तसं झालं नाही. त्या लोकांमध्ये पुरावा रचण्याइतकी अक्कल आणि उत्साह असता तर त्यांनी तो आधी बांधून ठेवला असता! पण माझा देह काय ओरडतो याला पुरावा म्हणत नाहीत. मी म्हटलं, ‘नाही. सांगता येणार नाही.’

‘तुमच्या लॅबमध्ये आयुधपूजा होते, मॅडम?’

‘होते.’

‘त्या मायक्रोस्कोपलाही कुंकू लावता?’

‘लावतात.’

आता न्यायाधीशही हसले. वकिलाने वाकून मला नमस्कार केला आणि म्हणाला, असे प्रामाणिक साक्षीदार फार कमी बघायला मिळतात. त्याची ती शाबासकी मला आजही अंगावर पाल पडल्यासारखी आठवते. जमीनदारानेही हात जोडले. माझ्याकडे बघून, आदराने.

निकालाच्या दिवशी मी गेले नव्हते. आम्ही जात नाही. पण पुढे दुसऱ्या एका खटल्यासाठी त्याच कोर्टात गेले, तर पायऱ्यांजवळ ती भेटली. आनेकलहून बस पकडून आली होती, निकालाची प्रत घ्यायला. गळ्यात फॅक्टरीचं ओळखपत्र. निकाल इंग्रजीत होता.

‘अक्का, सुटला तो. एवढं कळलं,’ ती म्हणाली. ‘शेवटच्या पानावर काय आहे ते वाचून सांगता?’

मी उभ्याउभ्याच वाचलं. संशयाचा फायदा देऊन आरोपीची मुक्तता. मग मुद्देमालाचं काय करायचं ते. मी तिला सांगितलं, ‘अपिलाची मुदत संपली की बंदूक मूळ परवानाधारकाला परत द्यायची, असं आहे.’

‘म्हणजे त्याला?’

‘हो.’

आजूबाजूला काळे कोट आणि चहाच्या किटल्या यांची धावपळ चालू होती. मग तिने विचारलं, ‘बंदूक तीच होती ना, अक्का?’

‘तीच होती.’

‘मग अपील केलं, तर वरच्या कोर्टात तसं सांगाल?’

मला तोंडभरून हो म्हणायचं होतं. सगळ्यांचा, त्या हेड कॉन्स्टेबलचा, त्या नम्र सब-इन्स्पेक्टरचा, सरांचा, वकिलाचा आणि स्वतःच्या त्या नेमक्या, सरळ, काटेकोर उत्तरांचाही मला इतका वीट आला होता, की मी तिच्या डोळ्यांकडे बघू शकले नाही.

‘जे सांगितलं तेच सांगावं लागेल,’ मी म्हटलं. ‘सरकारने अपील करावं म्हणून अर्ज दे. मी वकील बघून देते.’

‘सरी,’ ती म्हणाली. कागद तिने घडी करून पिशवीत ठेवले. ‘ती मुदत किती असते, अक्का?’

मी सांगितली.

‘म्हणजे तोवर बंदूक कोर्टातच?’

‘कोर्टातच.’

‘मग तोवर खोली बघायला पाहिजे,’ ती म्हणाली. ‘फॅक्टरीजवळ. दाराला आतून कडी असलेली.’